लांब उशीचे माप: प्रकल्प नोंदी, खानापूर

८ जून २०२५

धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी येत्या रविवारी माहेरी, म्हणजे आमच्याकडे खानापूरला येणार आहे. तिला सत्ताविसावा आठवडा सुरू आहे. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून झोपताना कुशीवरच पडायचे, असे डॉक्टरांनी तिला सांगितले आहे, कारण उताणे झोपल्यावर वाढलेल्या गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्याजवळून जाणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. कुशीवर पडले की वरचा पाय आधाराविना पुढे लोंबतो, कंबर पिळली जाते आणि पोटालाही टेकू राहत नाही. म्हणून तिने एक लांब उशी हवी असल्याचे फोनवर सांगितले. तयार उशी मागवण्यापेक्षा तिच्या मापाची घरीच शिवावी, असे मी ठरवले आहे. शिवणयंत्र आहे, हातही बसलेला आहे, आणि सावरीचा कापूस आमच्या भागाला नवा नाही.

तिची उंची ५ फूट ४ इंच, म्हणजे ६४ इंच. उशी हनुवटीपासून तळपायापर्यंत जाईल अशी असावी या विचाराने मी ६० इंच लांबी धरली आणि येथल्याच दुकानातून मंजरपाट आणून तो शिलाईसह ६२ इंचांवर कापला.

११ जून

कापड कापून झाल्यावर मी तयार उशांची मापे पाहिली. हे आधी करायला हवे होते. अमेरिकी पद्धतीची लांब उशी बहुधा २० बाय ५४ इंचांची असते आणि जपानमध्ये मिठी मारून झोपण्यासाठी वापरतात ती १६० बाय ५० सेंटिमीटरची, म्हणजे सुमारे ६३ बाय २० इंचांची. आपल्याकडची डोक्याखालची उशी १७ बाय २७ इंचांची मिळते. या सगळ्या मापांत एक गोष्ट सांगायची राहून गेलेली असते: ही मापे रिकाम्या, सपाट खोळीची आहेत. कापूस भरल्यावर खोळ फुगते आणि जसजशी जाडी येते तसतशी रुंदी आणि लांबी आत ओढली जाते. २० इंच रुंदीची खोळ पूर्ण गोल होईपर्यंत ठासली, तर तिचा घेर ४० इंचच राहतो आणि आरपार माप पावणेतेरा इंचांच्या आतच येते.

घरातल्या डोक्याच्या उशीवर मी हे पडताळून पाहिले. तिचा अभ्रा जमिनीवर पसरल्यावर १७ इंच रुंद भरला. उशी आत असताना दोन्ही बाजूंना फूटपट्ट्या उभ्या धरून मोजले तर १४ इंच. म्हणजे दुकानातला आकडा घेऊन पलंगावर किती जागा लागेल याचा हिशेब केला असता, तर तो चुकलाच असता.

१५ जून

बहीण सकाळी आली. दुपारी जेवण झाल्यावर आम्ही खरे माप घेतले. या नोंदींतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच असल्यामुळे तो सविस्तर लिहून ठेवत आहे.

तिला तिच्या नेहमीच्या पलंगावर, नेहमीच्या डोक्याच्या उशीवर, डाव्या कुशीला झोपवले आणि ‘मापासाठी सरळ पडू नकोस, रोज रात्री जशी पडतेस तशी पड’ असे बजावले. पाच मिनिटे तिला तशीच राहू दिले, कारण पहिल्या क्षणी माणूस ताठ असतो आणि गुडघे नंतर हळूहळू वर येतात. मग चादरीवर खडूने खुणा केल्या: हनुवटीच्या रेषेत एक, वरच्या पायाचा गुडघा जिथे पुढे येतो तिथे दुसरी, घोट्याखाली तिसरी आणि तळपायाच्या टोकाशी चौथी.

हनुवटीपासून तळपायापर्यंतचे सरळ अंतर ४५ इंच निघाले. उभी असताना हेच अंतर ५५ इंच भरते. कुशीवर पडल्यावर मांड्या पुढे वळतात, गुडघे दुमडतात आणि माणूस दहा इंचांनी आखूड होतो. उभ्या उंचीवरून माप काढण्यात माझी चूक झाली होती ती येथे.

दुसरी गोष्ट त्याहून उपयोगाची निघाली. गुडघ्याची खूण आणि घोट्याची खूण एका ओळीत येत नाहीत. गुडघा पुढे जातो आणि पोटरी मागे वळते, त्यामुळे घोटा गुडघ्यापेक्षा ८ इंच मागे राहतो. उशी तर सरळ असते. ती अरुंद असेल तर गुडघा तिच्यावर आणि पाऊल गादीवर, किंवा पाऊल तिच्यावर आणि गुडघा पुढे अधांतरी, असे एकच काहीतरी होणार. पाऊल खाली घसरले की मांडीला पीळ बसतो आणि तो थेट कमरेत जाणवतो. लांब उशीच्या रुंदीचा निर्णय या आठ इंचांवर अवलंबून आहे, हे मला कुठल्याही मापाच्या तक्त्यावरून समजले नसते.

संध्याकाळी कपाटातल्या दोन वाकळा काढल्या. एकीची घट्ट गुंडाळी करून नाडीने चार ठिकाणी बांधली. तिचा घेर ३० इंच, म्हणजे आरपार साडेनऊ इंच. लांबी घडी कमीजास्त करून बदलता येते. ही गोल गुंडाळी म्हणजे जुन्या पद्धतीचा लोडच झाला. दुसरी वाकळ गुंडाळली नाही, तिच्या सपाट घड्या घातल्या, म्हणजे १३ इंच रुंद आणि ६ इंच जाड असा लांब गठ्ठा तयार झाला. कापलेल्या मंजरपाटाची कच्च्या टाक्यांनी पिशवी करून एकेक वाकळ तीत घालायची आणि एकेका रात्री एकेक लांबी वापरून पाहायची, असे ठरले.

१८ जून

तीन रात्रींचे निष्कर्ष असे आहेत.

पहिल्या रात्री गोल लोड, लांबी ६० इंच. लोडाचे खालचे टोक पलंगाच्या पायथ्याच्या फळीला लागले आणि वरचे टोक तिच्या डोक्याच्या उशीला ढकलू लागले. शिवाय लोड गोल असल्याने पोटाखाली सरकेना, उलट पोटालाच मागे रेटत राहिला. पहाटे दोनच्या सुमारास तिने मला हाक मारली, ‘आक्का, पाय मागं सुटाय लागलाय बघ.’ मी जाऊन पाहिले तर गुडघा लोडावर होता आणि पाऊल मागच्या बाजूला गादीवर टेकले होते. खडूच्या खुणांनी जे सांगितले होते तेच घडले.

दुसऱ्या रात्री सपाट गठ्ठा, लांबी ४५ इंच. पाऊल आणि गुडघा दोन्ही वर राहिले, पण वरचा हात ज्याभोवती टाकून ती झोपते तो भाग कमी पडला आणि झोपेत किंचित वर सरकल्यावर पावलाचा आधारही सुटला. तिसऱ्या रात्री तोच गठ्ठा ५० इंच केला. वर ३ इंच आणि खाली २ इंच असा जो वाव मिळाला, तो झोपेतल्या हालचालीला पुरला. बाथरूमसाठी दोनदा उठावे लागले तेव्हा उशी एका हाताने बाजूला करून पुन्हा ओढता आली. ५० इंच ही भरलेल्या उशीची लांबी नक्की केली.

रुंदीचा विचार पलंगाला सोडून करता येत नाही. तिचा पलंग ४ फूट रुंद, म्हणजे ४८ इंच. १३ इंच उशीला गेले की तिला ३५ इंच उरतात आणि कूस बदलायला तेवढे पुरे आहेत. आमच्या दिवाणखान्यातल्या ३ फुटी दिवाणावर हीच उशी ठेवली, तर माणसाला २३ इंचच उरतील. दोन्ही बाजूंनी वेढणारी यू आकाराची उशी तिच्या मैत्रिणीने सुचवली होती, पण ती ४ फुटांत मावत नाही, पाठीमागेही गरम होते आणि रात्री उठताना तिच्यातून बाहेर पडणे हे आणखी एक काम होऊन बसते. कूस बदलल्यावर उशी उचलून दुसऱ्या बाजूला घेणे तिला मान्य आहे. त्यासाठी उशी हलकी मात्र हवी.

१९ जून

सकाळच्या गाडीने बेळगावला गेले. गादीवाल्या चाचांकडे कापूस पाहिला. त्यांचे घराणे पिढ्यान् पिढ्या पिंजारीचे काम करते. त्यांनी आधी फीत बाजूला ठेवायला लावली आणि ‘किती गेणु?’ असे विचारले. कन्नडमधले गेणु म्हणजे आपली वीत. मी माझ्या हाताने सहा विती आणि वर चार बोटे दाखवली, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि हे ‘दिंबु’, म्हणजे उशी, बाईमाणसाला उचलता येईल असे भरायचे असेल तर साधा कापूस घेऊ नका, असे स्पष्ट सांगितले. एवढ्या मोठ्या खोळीत साधा कापूस ५ किलोच्या पुढे जातो, काही महिन्यांत त्याच्या गाठी होतात आणि मग तो पुन्हा पिंजावा लागतो. पॉलिएस्टरचा फायबर, ज्याला सगळे सरसकट रेक्रॉन म्हणतात, हलका आहे आणि धुताही येतो, पण बहिणीला या दिवसांत आधीच उकडते आणि फायबर अंगाची ऊब धरून ठेवतो.

सावरीचा कापूस घेतला. सावरीची बोंडे उन्हाळ्याच्या शेवटी फुटतात, त्यामुळे माल नवा होता. याचे तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट असतात. म्हणून तो वजनाला हलका राहतो आणि पावसाळी हवेतली ओल साध्या कापसासारखी शोषून घेत नाही. खानापूरच्या पावसात हा गुण मोठा आहे. त्याचे दोष दोन: विरळ विणीच्या कापडातून तो बाहेर डोकावतो, आणि विस्तवाजवळ चटकन पेट घेतो. पहिल्या दोषासाठी मंजरपाट बाद करून गादीचे घट्ट विणीचे पट्ट्यापट्ट्यांचे कापड घेतले, पन्हा ३६ इंच, दीड मीटर. दुसऱ्यासाठी पलंगाशेजारच्या कोनाड्यातले निरांजन आईने देवघरात हलवले आहे. सावरी अडीच किलो आणली. चाचांच्या अंदाजाने दोन किलो भरायला लागेल आणि उरलेली नंतर घालण्यासाठी असेल.

२० जून

कापड धुतल्यावर किती आटते ते पाहण्यासाठी त्यावर २० इंच लांबीरुंदीचा चौकोन पेनने आखला, कापड रात्रभर पाण्यात भिजवले आणि छताच्या पंख्याखाली वाळवले. बाहेर उन्हाचा पत्ता नाही. उभ्या धाग्याच्या दिशेने चौकोन सव्वाएकोणीस इंच राहिला, आडव्या दिशेने पावणेवीस. उभे आटणे पाऊण इंचाचे आहे, आणि ५४ इंचांवर तेच दोन इंचांचे होते. न भिजवता शिवले असते तर पहिल्याच धुण्यात पावलाचा आधार गेला असता. दीड मीटर म्हणजे ५९ इंच कापड होते, ते आता पावणेसत्तावन्न उरले; पन्हा साडेपस्तीस. पुरेसे आहे.

२२ जून

कापायची मापे उलट्या दिशेने काढली. भरलेली उशी ५० इंच लांब, १३ इंच रुंद आणि ७ इंच जाड हवी. जाडी ७ धरण्याचे कारण असे की वाकळेचा ६ इंचांचा गठ्ठा पायाच्या भाराखाली फारसा दबत नव्हता, सावरी मात्र दबते, आणि दबल्यानंतर दोन गुडघ्यांमध्ये सुमारे ४ इंच उरले पाहिजेत. तेवढे अंतर ठेवल्यावर तिची वरची मांडी खालच्या मांडीला समांतर राहते, हे आम्ही घडी घातलेले टॉवेल मध्ये ठेवून पाहिले होते. २ इंचांवर गुडघा आत पडतो, ६ इंचांवर तो वर उचलला जाऊन जांघेत ताण येतो.

१३ इंच रुंद आणि ७ इंच जाड अशा लंबगोलाचा घेर ३२ इंचांच्या आसपास येतो. त्याचे अर्धे म्हणजे सपाट खोळीची रुंदी १६ इंच. १६ इंचांची हीच खोळ कोणी पूर्ण गोल होईपर्यंत ठासली, तर १० इंचांचा लोड होईल. रुंदी कापडाने ठरते आणि आकार भरण्याच्या हाताने. लांबीत दोन्ही टोकांच्या फुगवट्यासाठी मिळून ३ इंच वाढवले, म्हणजे ५३. दोन्ही टोकांना अर्धा अर्धा इंच शिलाई धरून लांबी ५४, आणि एकाच बाजूला शिवण येईल अशी दुमड घालून रुंदी ३३ इंच. कापड कापले.

२३ जून

शिवण १६ नंबरच्या सुईने दुहेरी घातली. चेन टोकाला न लावता लांब बाजूच्या मध्यावर २४ इंचांची लावली, कारण टोकाच्या लहान तोंडातून चार फूट आतपर्यंत हात पोहोचत नाही. चेन अंगाच्या विरुद्ध बाजूला येईल अशी खूण आतून केली आहे.

२४ जून

नाकाला फडके बांधून, पंखा बंद करून मागच्या खोलीत सावरी भरली. बहिणीला त्या वेळी शेजारी पाठवले होते, कारण हे तंतू हवेत तरंगतात आणि नाकात जातात. आधी दोन्ही टोकांचे कोपरे भरले आणि मग मध्य. भरताना सावरी दाबायची नाही, मुठीने सैल करून आत सोडायची. एकूण २ किलो १०० ग्रॅम गेली. भरल्यावर लांबी ५० इंचांना थोडी कमी, रुंदी १३, मधली जाडी ७.

२७ जून

तीन रात्रींनंतर तिने सांगितले की पहिल्या रात्री उत्तम वाटले, पण आता वरचा गुडघा उंच राहतो. फूटपट्ट्या उभ्या धरून तीन ठिकाणी जाडी मोजली: छातीशी ६ इंच, पोटाशी साडेसहा, गुडघ्याशी साडेआठ. ती रोज हाताच्या बाजूने उशी जवळ ओढते, त्यामुळे सावरी पायाकडे सरकत गेली होती. माप बरोबर होते, पण सावरीला आत रोखून धरणारे काही नव्हते.

चेन उघडून सावरी पुन्हा सारखी केली आणि गादीला घालतात तसे टाके दाभणाने आणि जाड सुती दोऱ्याने घातले. पोट आणि गुडघा यांच्या मध्ये आडवे तीन टाके, गुडघ्याच्या खाली आणखी तीन. टाक्यांमुळे गुडघ्याजवळची जाडी ६ इंचांवर आली आणि छातीशी ७ राहिली. विचार केल्यावर असे वाटते की एकाच जाडीची उशी हा हट्टच चुकीचा होता. हाताला आणि छातीला भरीव भाग लागतो, पोटाखाली उतरती कड लागते आणि गुडघ्याला त्याहून कमी. लंबगोल आकाराची कड मुळातच पातळ असल्याने ती पोटाखाली आपोआप सरकते, पुढे वेगळे काही लावावे लागले नाही.

६ जुलै

अभ्र्यासाठी आईची जुनी सुती साडी घेतली. ती असंख्य वेळा धुतलेली असल्याने आता आटणार नाही आणि अंगाला मऊ आहे. अभ्रा खोळीपेक्षा मोठा ठेवावा असा सल्ला घरात मिळाला होता, पण सैल अभ्र्याला सुरकुत्या पडतात आणि त्या गालाला व दंडाला रुततात. म्हणून सपाट रुंदी खोळीइतकीच, १६ इंच ठेवली, आणि लांबी एक टोक आत दुमडता यावे म्हणून ५८. असे दोन अभ्रे शिवले, कारण या पावसात एक वाळायला दोन दिवस लागतात.

डोहाळजेवणाला आलेल्या दोघी जणींनी असल्या उशीची चौकशी केली. त्यांना माझे आकडे दिले नाहीत, खडूच्या खुणा कशा करायच्या ते दाखवले. त्यांतली एक बहिणीच्याच उंचीची आहे, पण गुडघे पोटाजवळ घेऊन झोपते; तिची लांबी ४० इंचांच्या आसपास निघाली असती.

२० जुलै

सावरी बसली आहे. मधली जाडी सात इंचांची सहा झाली आणि रुंदी साडेतेरावर गेली. राखून ठेवलेल्या ४०० ग्रॅमपैकी २५० ग्रॅम भरल्यावर मूळ माप परत आले. उशीतल्या सावरीचे वजन आता २ किलो ३५० ग्रॅम आहे आणि उशी एका हाताने अजून उचलता येते. कधी जाग येते तेव्हा आपण उताणे असतो, याची तिला काळजी वाटत होती. घाबरू नये, पुन्हा कुशीवर वळावे, एवढेच डॉक्टरांनी सांगितले.

बाळ आल्यावर ही उशी बाळाच्या अंथरुणात ठेवायची नाही, हे आम्ही आताच ठरवले आहे. तान्ह्या मुलाच्या झोपण्याच्या जागी मऊ उशा, दुलया काही नसावे, कारण त्यांत नाक दबून श्वास अडू शकतो. बाळंतिणीच्या खोलीतून ती आईकडे जाईल.

३ ऑगस्ट

आईचे गुडघे दुखतात आणि तीही कुशीवर झोपते, म्हणून उशी तिच्याकडे जाण्याआधी तिचे माप घेतले. तिची उंची ४ फूट १० इंच आहे. कुशीवर हनुवटीपासून तळपायापर्यंत ४२ इंच भरले. बहिणीपेक्षा ती सहा इंचांनी ठेंगणी आहे, तरी झोपेतला फरक तीनच इंचांचा निघाला, कारण दुखण्यामुळे ती गुडघे फारसे दुमडत नाही. त्याच कारणाने तिच्या गुडघ्याच्या आणि घोट्याच्या खुणांमध्ये चारच इंचांचे अंतर आहे. तिला १३ इंच रुंदी लागत नाही आणि तिच्या ३ फुटी पलंगावर ती परवडणारही नाही. १० इंच रुंद आणि ६ इंच जाड उशीचा घेर साधारण साडेपंचवीस इंच येतो, म्हणून सपाट रुंदी पावणेतेरा, लांबी भरल्यावर ४६ आणि सपाट ४९.

बहिणीची उशी कापून लहान करण्यापेक्षा आईसाठी नवीच शिवायची. साडेसव्वीस बाय ५० इंच असे कापड लागेल. उरलेली १५० ग्रॅम सावरी डब्यात बंद करून ठेवली आहे. आणखी दीड किलो चाचांकडून आणायची आणि कापड आजच भिजत घातले आहे.